नवऱ्यामागे ऑर्केस्ट्रा बार माझ्या नावावर आला, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं. रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून ते आलंय. लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान हृदयविकाराने गेले. गावात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच की त्यांचं पनवेलच्या अलीकडे हायवेला हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे परमिट रूम आणि त्यात ऑर्केस्ट्रा, हे ताईंना माहीत होतं, पण रात्री तिथे त्या कधी गेल्या नव्हत्या. आता परवान्यावर वारस म्हणून त्यांचं नाव लागलंय. यजमानांच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक वही सापडली. तीत पाच गायिकांची नावं, वयं आणि प्रत्येकीपुढे ‘उचल’ लिहिलेली. एकीच्या नावापुढे १,८०,०००. कारभार धाकटे दीर बघतात. सासूबाई म्हणतात, विकून मोकळी हो. दीर म्हणतात, एक पार्टी चालवायला घ्यायला तयार आहे, महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच मिळेल. ताईंना मात्र स्वतः चालवून बघायचंय, पण ‘नीट’. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज आणि साडी, फक्त जुनी गाणी, पाचही जणींना एका फ्लॅटमध्ये ठेवायचं, गाडीने न्यायचं-आणायचं, कामाच्या वेळेत फोन जमा. “मला पापाचा पैसा नको आणि त्या मुलींचंही भलं व्हावं. असा धंदा नीतीने चालवता येतो का?” त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं सुरू आहे, तीही एक काळजी.

ताई,

तुमचं पत्र सहा पानी आहे. त्यात ‘त्या मुली’ हे शब्द चौदा वेळा आलेत, मी मोजले. दिरांचं नाव तुम्ही लिहिलंत, कुकचं लिहिलंत, वकिलांचं लिहिलंत (मी अर्थातच सगळी गाळली), पण पाच जणींपैकी एकीचंही नाव पत्रात नाही. वहीप्रमाणे त्यांतली एक ३८ वर्षांची आहे. ‘मुलगी’ म्हणवून घ्यायचं वय तिचं कधीच सरलंय, आणि पाच माणसांच्या घराचा गाडा ती तुमच्याइतकाच ओढत असेल. ज्यांचं भलं करायचा बेत तुम्ही आखलाय, त्यांच्याशी तुम्ही अजून एक वाक्यही बोललेला नाहीत. त्यामुळे माझं सगळं उत्तर अर्धं धरा. उरलेलं अर्धं त्यांच्याकडे आहे.

आधी ‘पापाचा पैसा’ हे बाजूला काढू, कारण त्याच्या ओझ्याखाली बाकीचं दिसत नाही. आपल्या कोकणात शिमग्याला पालखीपुढे जे फाक, म्हणजे चावट आरोळ्या, घालतात, ते तुम्ही-आम्ही लहानपणापासून ऐकलेत. आख्खी वाडी ऐकते, म्हाताऱ्या पदरात तोंड लपवून हसतात. नमनाच्या खेळातली मावशी कृष्णाला अडवून जे काही बोलते, ते चारचौघांत लिहिता येणार नाही. तेव्हा चावटपणाचं वावडं आपल्याला नाही. बारमध्ये काय विकलं जातं ते नीट बघा. एक बाई गाते, टेबल नंबर चारकडे बघून हसते, फर्माईश ऐकते, ‘साहेब, आज उशीर केलात’ म्हणते. दिवसभर ज्याला कुणी विचारलं नाही, तो गडी त्या वाक्याचे पाचशे रुपये मोजतो. यात मला पाप दिसत नाही, थोडी केविलवाणी गोष्ट दिसते फारतर. ते हसू विकणारीला आज नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर उद्या कामावर येता येतं का, इथे मात्र माझा जीव अडतो. बाही किती लांब, हा प्रश्न त्यापुढे फार किरकोळ आहे.

याचं उत्तर तुमच्या कपाटातल्या वहीत आहे. तुम्ही दोन पानांचे फोटो पाठवलेत, बरं केलंत. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. १,८०,००० वाल्या बाईंच्या पानावर रात्रीला ३०० प्रमाणे २६ रात्रींचे ७,८०० उचलीपोटी कापलेत. त्याच महिन्यात खाली बारीक अक्षरात चढवलंय काय? खोलीभाडं ७,०००. साडी-मेकअप ३,०००. दांडी तीन, दंड १,५००. म्हणजे कापले ७,८०० आणि चढवले ११,५००. सोळा महिन्यांपूर्वी ही रक्कम १,२०,००० होती. बाई सोळा महिने रोज गायली आणि साठ हजारांनी जास्त देणेकरी झाली. वर टिपेतले साठ टक्के हॉटेलचे, तेही त्याच पानावर आहे.

ही वही तुमच्या यजमानांनी दुष्टपणे लिहिली असं मी म्हणत नाही. धंद्यात ही चाल आहे, त्यांनी चालत आली तशी चालवली असेल. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही अशी अट असेल, तोंडी का होईना, तर तिला कायद्यात वेठबिगारी म्हणतात आणि ती १९७६ च्या कायद्याने बंद आहे. अंगठा दिला होता, राजीखुशीने घेतले होते, या सबबी तिथे चालत नाहीत. म्हणून पुढे तुम्ही विका, बंद करा की चालवा, पहिलं काम एकच. पाचही पानं त्या-त्या बाईसमोर काढा, आकडे वाचून दाखवा आणि उचल मिटवा. नऊ-दहा लाख सोडून द्यायचे म्हणजे तुमच्या पोटात गोळा येईल. पण त्यातलं खरोखर हातात दिलेलं किती आणि वहीत वाढलेलं किती, हे मांडून बघा. हातात दिलेलं बहुतेक केव्हाच फिटलेलं निघेल.

आता दिरांचा प्रस्ताव. ‘चालवायला द्या’ ही वाट सगळ्यांत सोपी दिसते आणि मला सगळ्यांत वाईट वाटते. परवान्यावर नाव तुमचं राहणार. धाड पडली, कुणी अल्पवयीन सापडली, तर पहिली विचारणा परवानाधारकाची, म्हणजे तुमचीच. वर चालवायला घेणाऱ्याला दर महिन्याला तुमची ठरलेली रक्कम काढायची असते, ती तो कुणाच्या अंगातून काढणार हे सांगायला नको. तुम्हाला पाकीट घरपोच मिळेल आणि वही दुसऱ्याच्या कपाटात जाईल, इतकाच फरक.

सासूबाईंचं ‘विकून मोकळी हो’ त्यापेक्षा सरळ आहे. पण बंद केलं की त्या पाच जणी आपोआप ‘सुटल्या’ असं समजू नका. २००५ साली सरकारने डान्स बार बंद केले तेव्हा मी पनवेलला एका पतसंस्थेत कारकून होते. आमच्या पिग्मी एजंटकडे बारमधल्या सतरा जणींची कार्डं होती. रोजचे पन्नास, शंभर. ऑगस्ट उजाडला आणि एकेक खातं बंद व्हायला लागलं. एक बाई पासबुक घेऊन आली, खातं बारमधल्या टोपणनावाने काढलेलं, सही खऱ्या नावाची. दोन्ही जुळेनात. बाहेर पाऊस, आत मी नियम सांगतेय, आणि ती त्याच टोपणनावाची सही एका कोऱ्या कागदावर पुन्हा पुन्हा गिरवून बघतेय, हात बसेना. तिचे पैसे तिसऱ्या खेपेला मिळाले. त्यानंतर ती कुठे गेली, कुणालाच माहीत नाही. राज्यभरातल्या अशा सुमारे ७५,००० जणींची रोजी गेल्याचं तेव्हा सांगितलं जायचं.

गंमत म्हणजे त्या कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. तिथला नाच सभ्य आणि हायवेवरचा अश्लील! उच्च न्यायालयाने २००६ साली कायदा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय उचलून धरला. मग सरकारने २०१६ चा नवा कायदा आणला, त्यातल्या बऱ्याच अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालात गळाल्या. शाळा-देवळांपासून एक किलोमीटर, आत सक्तीचे सीसीटीव्ही, दारूची खोली आणि नाचाची जागा यांच्यामध्ये भिंत, हे सगळं गेलं. पैसे उधळण्यावरची बंदी मात्र राहिली. हातात टिप द्यायला हरकत नाही. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळही राहिली.

हे नाचाचं झालं. तुमच्याकडे परवाना गाण्याचा आहे, हे दिरांनाही एकदा स्पष्ट विचारा, कारण ऑर्केस्ट्राच्या पाटीखाली नाच चालवणं ही या पट्ट्यातली जुनी खोड आहे. मंचावर एका वेळी आठ कलाकार, ही मर्यादा आहे. त्यांत बायका चारच, पुरुष चारच, ही जुनी अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढून टाकली. आठही जणी बायका असू शकतात. तेव्हा पाचवी गायिका ‘स्टाफ’ म्हणून दाखवायची जी क्लृप्ती वहीत दिसते, तिची आता गरजच नाही. तिला गायिका म्हणून कागदावर आणा.

तुमच्या बेताबद्दल कडू बोलते, रागावू नका. एकच फ्लॅट, न्यायला-आणायला गाडी, फोन जमा. हेतू चांगला, पण ही कोंडवाड्याची रीत झाली. कुणी तुमच्या मुलीला नोकरीवर घेऊन असं ठेवलं तर तुम्ही पोलिसांत जाल. रात्री घरी सोडायला गाडी ठेवा, जरूर ठेवा. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या बायकांसाठी त्यांची संमती आणि घरापर्यंत सोय दोन्ही मागितली. पण गाडी हवी तिने बसावं, नको तिने रिक्षा करावी. राहायचं कुठे, हा तुमचा विषयच नाही. फोन तर तिच्यापासून अजिबात काढू नका. रात्री बारा वाजता एखादा गिऱ्हाईक पार्किंगमध्ये आडवा आला, तर तिच्याजवळ दुसरं आहे काय? आणि गाण्यांचं म्हणाल तर ‘फक्त जुनी’ हा नियम तुमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. कुठलं गाणं गायचं, काय नेसायचं, कुठल्या टेबलाकडे बघायचं नाही, हे गाणारीला ठरवू दे. तुम्ही पाठीशी उभ्या राहा.

पाठीशी म्हणजे काय, तेही सांगते. मंचापाशी एक माणूस असा हवा, ज्याचा पगार गल्ल्यावर अवलंबून नाही. बाईने मान हलवली की तो टेबलाशी जाऊन गिऱ्हाइकाला उठवतो, मग ते गिऱ्हाईक रात्रीला वीस हजार सोडणारं का असेना. असा एक प्रसंग तुमच्या देखत घडला की पाचही जणींना कळेल की ताईंचं बोलणं खरं आहे. नाही घडला, उलट दिरांनी तिलाच ‘जरा संभाळून घे’ म्हटलं, तर तुम्हालाही कळेल. दहा किंवा जास्त कामगार असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. वेटर, कुक, वादक धरून तुमच्याकडे एकोणीस जण आहेत. समितीची अध्यक्ष बाई असावी लागते आणि एक सदस्य बाहेरचा. दिरांच्या मिसेसना त्यात बसवू नका.

पैशाचं सोपं करा. रात्रीचं मानधन ठरवा, लेखी करार करा, रक्कम तिच्या खऱ्या नावाच्या खात्यात जाऊ दे (पासबुकाची गोष्ट वर सांगितलीच). टिप सगळी तिची. हॉटेलने दारू आणि जेवणावर कमवावं. दांडीचा दंड बंद. आली नाही तर त्या रात्रीचं मानधन नाही, बस्स. वयाचा पुरावा म्हणून आधारची झेरॉक्स धरू नका, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला बघा, आणि मूळ कागद बघून लगेच परत द्या. कुणाचे कागद आज तिजोरीत पडले असतील तर ते आधी परत करा. गिऱ्हाइकांचीही थोडी चाड ठेवा. उधारी नाही, घड्याळ-अंगठी ठेवून घेणं नाही, आणि एकवीसच्या आतल्या पोराला बिअरही नाही (दारूला तर आपल्याकडे पंचवीस लागतात).

एक गोष्ट तुम्ही स्वतः जाऊन बघा, कुणाला पाठवू नका. मेकअप रूममधला मोठा आरसा. तो हलतो का? मागे हात घालून भिंतीवर टकटक करा. पोलीस धाडीत आरशामागे, कपाटामागे, स्वयंपाकघरातल्या फडताळामागे पोकळ्या सापडतात. धाड पडली की बायकांना त्यात कोंबतात, तास-दोन तास, हवा नसलेल्या जागेत. अशी पोकळी असेल तर गवंडी बोलवा आणि ती त्याच दिवशी विटांनी बुजवा. ती असेपर्यंत नीतीच्या गप्पा मारायला तुम्हालाच लाज वाटेल.

आणि वहीतला तो रकाना, ‘वरखर्च’. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, गोल रक्कम, पुढे नाव नाही. तुम्ही विचारलंय की ही मेंटेनन्सची रक्कम का. ताई, तुम्हाला कळलंय ती कसली, म्हणूनच विचारताय. वरच्या सगळ्या गोष्टी करूनही हा रकाना भरल्याशिवाय दार उघडता येत नसेल, तर माझ्या मते हा धंदा नीतीने चालत नाही, तुमच्या हातून नाही आणि कुणाच्याच नाही. कारण ज्याचे हात बांधलेले, तो मालक पाचव्या टेबलावरच्या साहेबाला उठवू शकत नाही. अशा वेळी ऑर्केस्ट्राचा परवाना सोडा. परमिट रूम ठेवा, जेवणाचं बघा. हायवेला सुरमईची थाळी आणि सोलकढी नीट देणारी जागा शोधत माणसं वडखळपर्यंत जातात. पाच जणींना तीन महिन्यांचं मानधन हातात द्या, ‘किचनमध्ये येता का’ हेही विचारा, पण किचनमध्ये येऊन त्या सुधारतील अशा सुरात नको. गाणारीला पोळ्या लाटायच्या नसतील तर तो तिचा प्रश्न. हिशेब जुळला, रकाना कोरा राहिला, तर सहा महिने चालवून बघा. मी तुमच्या जागी असते तर बघितलं असतं.

हेच प्रश्न दुसऱ्या वेशात मला अधूनमधून येतात. काशीदच्या एका होम-स्टेवाल्याने विचारलं होतं की बॅचलर पार्टीचं बुकिंग आहे, मुंबईहून ‘शोवाल्या’ आणायला सांगतायत, देऊ का हो? मालवणकडच्या एकाला बोटीवरच्या पार्टीसाठी तसंच हवं होतं. त्यांनाही मी हेच विचारलं. ठरवणारा एजंट की ती स्वतः? पैसे तिच्या खात्यात की एजंटच्या? रात्री दोन वाजता तिला निघायचं म्हटलं तर गाडी कुणाची? बोटीवरून तर निघताच येत नाही, तेव्हा तिथे नाहीच म्हणा. आणि त्यापुढे ‘गिऱ्हाईक आणि ती बघून घेतील’ असं जिथे कुणी म्हणेल, तिथे खोली देणाऱ्यावर १९५६ च्या ‘पिटा’ (अनैतिक देहव्यापार प्रतिबंधक) कायद्याखाली गुन्हा लागू शकतो, हेही लक्षात असू द्या. त्या कायद्याचा रोख जागा चालवणाऱ्यावर आणि दुसऱ्याच्या कमाईवर जगणाऱ्यावर आहे. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने काय करावं यासाठी तिला छळू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पोलिसांनाच बजावलंय.

मुलीच्या स्थळांचं. लपवू नका. पनवेलपासून तुमच्या गावापर्यंत सोयरेधायरे आहेत, कळायचं ते कळतंच. मुलीला आधी सांगा, वहीसकट. तेवीस वर्षांची आहे, कॉमर्स झालीय म्हणता, तुमच्यापेक्षा हिशेब चांगला वाचेल. सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही. त्यांना एवढंच सांगा की देणं फेडतेय.

मंगळवारी जा, चारच्या सुमाराला, दिवे लागायच्या आधी. त्या वेळी त्या जेवून येतात, वादक पेटी-ढोलकी लावत असतात. केबिनमध्ये बोलावू नका, मंचाच्या कडेलाच बसा. आधी नावं विचारा, खरी सांगायची की टोपण ते त्यांच्यावर सोडा. मग वही उघडा. आणि दिरांना त्या दिवशी सुट्टी द्या.